पहाटे चारचा आकडा

भाचेबुवा, तळ्यात सेन्सर सोडून मोबाइलवर ऑक्सिजनचा आकडा बघायचा तुझा बेत ताईकडून कळला. बेत चांगला आहे. पुण्यातली नोकरी सोडून पारनेरच्या माळावर मासे पाळायला आलास तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत मी नव्हतो, आताही नाही. फक्त यंत्राची ऑर्डर देण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेव. पहाटे चार वाजता फोन वाजला, डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, दोनवर आलेला दिसला, तर पुढे काय? पाण्यात हवा मिसळणारा एरेटर आहे का? त्या घटकेला लाइट आहे का? नसेल तर जनरेटर आहे का, आणि त्यात डिझेल आहे का? तळ्यावर मुक्कामाला कोण आहे? ही उत्तरं नसतील तर सेन्सरमुळे एवढंच होईल की मासे मेल्याची बातमी तुला दोन तास आधी कळेल. आधी एरेटर, मग सेन्सर.

पहाटे चार म्हणालो ते उगाच नाही. तळ्यातला बराचसा प्राणवायू पाण्यातलं शेवाळ तयार करतं. दगडावरचं बुळबुळीत शेवाळ नव्हे, पाण्याला हिरवट रंग आणणारं, सुटं सुटं डोळ्याला न दिसणारं. ऊन आहे तोवर ते ऑक्सिजन बनवतं आणि दिवस मावळला की माशांच्या पंगतीला बसून तोच ऑक्सिजन खायला लागतं. म्हणून दुपारी तीन-चारला डीओ सगळ्यांत जास्त आणि सूर्य उगवायच्या जरा आधी सगळ्यांत कमी. गर्द हिरव्या तळ्यात दुपारी लिटरला १२ मिलिग्रॅम आणि पहाटे ३ मिलिग्रॅम असा झोका सहज दिसतो. तेव्हा दुपारचा आकडा मित्रांना दाखवत फिरू नकोस. दुपारी १४-१५ दिसले तर उलट सावध हो. शेवाळ मातलंय आणि रात्री तेच अंगावर येणार आहे. कटला, रोहू, मृगळ यांना ५ च्या वर सुख असतं, ३ च्या खाली खाणं सुटतं, १ च्या आसपास मरण. एका वेळच्या आकड्यापेक्षा दुपार आणि पहाट यांतला फरक बघायला शीक. तो फरक आठवड्याला वाढत चालला तर खाद्य जास्त पडतंय किंवा कोंबडीखत जास्त झालंय, असं समज.

जुने तांत्रिक लोक रात्री कागदावर एक हिशेब मांडत. तो तुझ्या ॲपमध्ये नसेल तर वहीत मांड. रात्री आठला डीओ घ्यायचा, अकराला पुन्हा घ्यायचा. समज, आठला ७ होता आणि अकराला ५.८ आला. तीन तासांत १.२ गेला, म्हणजे तासाला ०.४. रात्रभर शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ जवळजवळ एकाच गतीने ऑक्सिजन खातात, म्हणून रेघ सरळ उतरते. अकरापासून सकाळी सहापर्यंत सात तास, म्हणजे आणखी २.८ जाणार. पहाटेला हातात ३ उरणार. हे तुला रात्री अकराला, जेवून शतपावली करताना कळलं. मग झोप मोडून चारला धावायचं कशाला? बाराला एरेटर लाव आणि झोप. सेन्सरचा खरा उपयोग हा आहे. तो रात्रभर दर पंधरा मिनिटांनी हीच रेघ काढत बसतो.

आता एरेटर लवकर का लावायचा, त्याचा हिशेब ऐक. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत २०१६ पासून जी तळी खोदली गेली, त्यांतलं सगळ्यांत मोठं माप ३० बाय ३० बाय ३ मीटरचं. उतार धरून त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावतं. एवढ्या पाण्यातला डीओ फक्त १ ने वाढवायचा तर २.२ किलो ऑक्सिजन विरघळवावा लागतो. एक एचपीचा पॅडलव्हील एरेटर तासाला फार तर किलोभराच्या आसपास देतो, आणि तेवढ्या वेळात खाणारे थांबलेले नसतात. म्हणजे डीओ २ वर आल्यावर बटण दाबलंस तर ४ वर जायला सकाळ उजाडते, आणि सकाळी सूर्य फुकट देणारच असतो. गजर २ वर लावू नकोस, ४ वर लाव.

विजेचं गणित वेगळंच आहे. आपल्याकडे शेतीपंपाची थ्री फेज पाळीने येते. सौर कृषी वाहिनीच्या फीडरवर आता ती दिवसा मिळायला लागली आणि कांद्याला रात्री-बेरात्री पाणी धरणाऱ्यांची सुटका झाली, फार चांगलं झालं. पण मासेवाल्याला वीज लागते ती नेमकी रात्री. तेव्हा शेतीपंपाच्या कनेक्शनवर एरेटर जोडून निर्धास्त बसू नकोस. सिंगल फेजवर चालणारा एरेटर बघ, आणि जोडीला छोटा जनरेटर ठेव. २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. वीजदर, कर्ज, सवलती यांत तुझ्या पदरात काय पडतं ते महावितरणच्या आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन विचार. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवर विसंबू नकोस.

काहीच हाताशी नसेल तेव्हाचा तोडगा: तळ्यातलंच पाणी पंपाने उचल आणि उंचावरून, फवारा उडेल असं तळ्यातच पाड. खाद्य तिथल्या तिथे बंद. बोअरचं ताजं पाणी सोडलं की मासे वाचतील असं लोक समजतात, पण बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच; ते सोडायचं तर तेही फुटत, शिंतोडत पडलं पाहिजे. पाइप थेट पाण्यात बुडवून ठेवलास तर उपयोग शून्य.

तू म्हणशील, मामा, मोजमापाच्या एवढ्या गोष्टी आपल्या दुष्काळी भागाला नव्या आहेत. अजिबात नाहीत. हिवरे बाजारला जाऊन ये, नगरहून फार लांब नाही. पोपटराव पवारांच्या त्या गावाने पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला. महत्त्वाचं पुढे आहे: ताळेबंदात पाणी कमी निघालं तर त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची नाहीत ते गाव ठरवतं, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. मोजून झाल्यावर निर्णय होतो म्हणून त्या मोजण्याला किंमत आली. पर्जन्यमापक आणि विहिरीत सोडायची टेप एवढ्यावर त्यांनी हे केलं. तुझ्याकडे तर सिम कार्ड घातलेला सेन्सर असणार.

सेन्सर कोणता, यावर दुकानदार तासभर बोलेल. मी थोडक्यात सांगतो. डीओ मोजायचे दोन प्रकार चालतात. एकात पातळ पडदा आणि आत द्रावण असतं. मुळात हे अमेरिकेतल्या क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाचं १९५६ चं काम. स्वस्त पडतं, पण पडदा फाटतो, द्रावण बदलावं लागतं, आणि पाणी हलतं नसेल तर आकडा खोटा खाली येतो. दुसरा ऑप्टिकल, त्याच्या टोपीवर प्रकाश पडतो आणि ऑक्सिजन जास्त असेल तर चमक कमी होते, त्यावरून मोजतात. महाग आहे, पण कटकट कमी. बारा महिने पाण्यात ठेवायचा असेल तर ऑप्टिकलच घे आणि टोपी वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते तो खर्च आधीच धर. आठवड्यातून एकदा हातात घेऊन मोजायचं तर पडद्याचा पुरे.

सामूचा, म्हणजे पीएचचा काचेचा प्रोब फारच नाजूक असतो. तो कधीही कोरडा पडू द्यायचा नाही आणि आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवायचा. ४, ७ आणि १० ची बफर द्रावणं बाटलीत येतात, त्यावर तो पंधरवड्याला तपासायचा. आपली तळी बहुतेक ७.५ ते ९ मध्ये फिरतात, म्हणून ७ आणि १० वर तपासलास तरी काम भागतं.

आता धुण्याचं. हे काम कुणी फुकट शिकवत नाही, म्हणून नीट ऐक. उन्हाळ्यात हिरव्या तळ्यात सोडलेला प्रोब चौथ्या-पाचव्या दिवशी वर काढलास तर तो बोटाला गुळगुळीत लागतो. नखाने खरवडलं तर नखात तपकिरी साय येते. ही साय जिवंत असते. ती स्वतः रात्री ऑक्सिजन खाते आणि दिवसा थोडा बनवतेही, म्हणून रात्री सेन्सर तळ्यापेक्षा कमी दाखवतो आणि दुपारी जास्त. तळं ठीक असतं, सेन्सरच्या अंगावरचा थर श्वास घेत असतो. साबण, डिटर्जंट, घासणी काही लावू नकोस. मऊ जुना टूथब्रश आणि तळ्याचंच पाणी. टोपीवर ब्रशही दाबू नकोस, भिजवलेल्या मऊ कापडाने गोल फिरवून पूस. मग झाकणाच्या बाटलीत तळाला दोन चमचे पाणी घाल, प्रोब पाण्याला न टेकेल असा आत अडकव, झाकण सैल लाव, सावलीत पंधरा मिनिटं ठेव. आतली हवा ओलाव्याने भरली की आकडा शंभर टक्के यायला हवा. चार-पाच टक्क्यांपेक्षा जास्त चुकला तर तिथेच दुरुस्त कर.

इथे एक नगरी गोष्ट. हा जिल्हा पठारावर आहे. नगर शहरच समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. हवेचा दाब कमी, म्हणून पाण्यात मावणारा ऑक्सिजनही सुमारे सात टक्क्यांनी कमी. ३० अंशांच्या पाण्यात मुंबईला साडेसात मिलिग्रॅम मावत असेल तर आपल्याकडे सातच. यंत्राच्या सेटिंगमध्ये उंची किंवा दाब घालायची जागा असते. बसवून देणारा पोरगा ती शून्यावर सोडून जातो. पहिल्या दिवशी ती बघ.

आणि महिन्यातून एकदा यंत्राची साक्ष दुसऱ्याकडून काढ. थेंब टाकून रंग बघायच्या किटमध्ये जी पद्धत असते, ती विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये शोधली. सव्वाशेहून जास्त वर्षांत तिला कुणी हलवू शकलं नाही. सेन्सर आणि किट यांत एकाहून जास्त फरक आला तर आधी सेन्सर धू.

सेन्सर सोडायचा कुठे? सोयीची जागा म्हणून लोक बांधाजवळ, इनलेटच्या पाइपशेजारी टाकतात आणि तिथलं ताजं पाणी मोजून खूश राहतात. एरेटरच्या तोंडाशीही नको. आपल्या भागात पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे साय, पाला, मेलेलं शेवाळ सगळं ईशान्येच्या कोपऱ्यात गोळा होतं. तो कोपराही टाळ. मधोमध, पाण्याच्या पातळीखाली दीड-दोन फूट ही जागा चांगली. पैसे असतील तर दुसरा प्रोब तळापासून फूटभर वर. त्याचं कारण सांगतो, कारण शेततळ्याचा खरा घात तिथे आहे.

प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं गावतळ्यासारखं उथळ नसतं. बाजू उभ्या, खोली तीन मीटर किंवा जास्त. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी तापतं, हलकं होऊन वर राहतं. खालचं गार राहतं आणि दोन्ही मिसळत नाहीत. खाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजन तयार होत नाही, खाद्याचा गाळ आणि विष्ठा मात्र तिथेच कुजते. गावतळ्यात निदान माती काही पचवते. प्लॅस्टिक काहीच पचवत नाही. अशात वळवाचा पहिला जोरदार पाऊस येतो. थंड पाणी जड, ते थेट तळाला जातं आणि तळाचं कुजकं पाणी वर फेकतं. एका रात्रीत सगळ्या तळ्याचा डीओ बसतो. सकाळी पांढरी पोटं वर. ‘पावसात विष होतं’ असं गावात म्हणतात ते हेच. दोन प्रोब असले की वर ७ आणि खाली १ असा फरक तुला मे महिन्यातच दिसेल. तो दिसला की वळवाची वाट न बघता, भर दुपारी, वर ऑक्सिजन भरपूर असताना, रोज थोडा थोडा वेळ एरेटर चालवून पाणी हळूहळू मिसळव. एकदम रात्री खालचं पाणी ढवळलंस तर पावसाने करायचं काम तूच केलंस असं होईल.

तापमानाचा सेन्सर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी बिघडणारा. त्याला कमी लेखू नकोस. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की कार्प खाद्याला फारसं तोंड लावत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा खाद्य निम्म्याखाली आण. न खाल्लेलं खाद्य एप्रिलमध्ये अमोनिया होऊन परत येतं.

बिनतारी भागात लोक भलत्याच ठिकाणी चुकतात. तळ्यावर तरंगणारा डबा आणि त्यातून लोरा रेडिओने घराकडे आकडे, ही रचना आपल्याला बरी पडते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची पट्टी भारतात विनापरवाना वापरता येते, वीज नगण्य लागते, मोकळ्या माळावर दोन-तीन किलोमीटर निभावतं. पण हे सगळं समोरासमोर दिसत असेल तर. शेततळ्याला चारी बाजूंनी बांध. पावसाळ्याअखेर भरलेल्या तळ्यावर डबा जवळजवळ बांधाच्या उंचीला तरंगतो आणि सिग्नल झकास येतो. मेमध्ये कांदा-डाळिंबाला पाणी देऊन पातळी दोन मीटर उतरते, डबा खड्ड्यात जातो आणि नेमका धोक्याच्या महिन्यात सिग्नल मरतो. म्हणून अँटेना डब्यावर ठेवू नकोस. डब्यातून केबल बांधावर आण, बांधावर सात-आठ फुटी पाइप रोव आणि त्यावर अँटेना लाव. राहुरी-श्रीरामपूरकडे आपले पाहुणे आहेत त्यांना आणखी एक सांग: लागणीच्या वेळी दिसणारा सिग्नल ऊस डोक्यावर गेला की दिसत नाही. पाइप आणखी उंच हवा.

केबल उंदरांपासून वाचवायला पाइपात ठेव. सोलर पॅनल चोरीला जातं. जमिनीवर लावू नकोस. तरंगत्या डब्यावर पाणकावळे बसतात आणि पॅनलची रया घालवतात, वर दोन आडव्या तारा ताणल्या की बसत नाहीत.

गजराबद्दल दोन नियम पाळ. मेसेज नको, फोनची रिंग हवी. मेसेजने कुणी उठत नाही. आणि ती दोन फोनवर जायला हवी, एक तुझा आणि एक तळ्यावर झोपणाऱ्याचा. दुसरं, सेन्सर गप्प बसला तरी गजर वाजला पाहिजे. तासभर आकडा आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे, बॅटरी उतरली किंवा डबा उलटला. तसंच तीन-चार तास डीओ ६.२, ६.२, ६.२ असा दशांशासकट तोच राहिला तर तो खोटा आहे. जिवंत तळ्याचा आकडा सतत थोडा हलतो.

सेन्सरला न दिसणाऱ्या गोष्टी या त्याला दिसणाऱ्या गोष्टींइतक्याच घातक आहेत. अमोनिया घे. सतत अमोनिया मोजणारे प्रोब विकायला असतात, पण ते लवकर भरकटतात. तळ्यासाठी मी ते घेणार नाही. आठवड्याला किटने मोज आणि त्याच वेळी सामू व तापमान लिही, कारण तिन्ही एकत्र वाचायचे असतात. पाणी २५ अंशांचं असेल तर सामू ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एकच अमोनिया सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी जहर. म्हणूनच अमोनिया वाढलेला असताना ‘पाणी शुद्ध करायला’ चुना टाकायला कुणी सांगितलं तर हात जोड. चुन्याने सामू चढतो आणि विष वाढतं.

दुसरं, फवारणी. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी मारतात ती सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी औषधं माशांना अत्यंत जहाल. शेजाऱ्याच्या रानातून वाऱ्याने आली किंवा कुणी फवारणीचा पंप तळ्यात धुतला, तर तुझा डीओ ६ आणि सामू ८ दाखवत राहील आणि मासे मरतील. शेजाऱ्यांशी बोलून ठेव, तळ्याकडे वारा असेल तेव्हा फवारणी नको म्हणून. हे काम यंत्राचं नाही, चहाचं आहे.

मासे मेले तर कुठले आधी मेले ते बघ. मोठे आधी गेले तर बहुधा ऑक्सिजनची कमी, कारण मोठ्याला एकूण जास्त लागतो. लहानसहान सगळे सरसकट आधी गेले तर विषाचा संशय घे. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, आणि कटला ऑक्सिजनला सगळ्यांत हळवे, सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, चिवट. पहाटे चंदेरा पाण्यावर तोंड काढून हवा गिळताना दिसला तर सेन्सर काहीही म्हणो, एरेटर लाव. पंगस मात्र एरवीही वर येऊन हवा घेतो, त्याला बघून घाबरू नकोस. पंगसच्या तळ्याला डीओ सेन्सरची निकड कार्पपेक्षा कमी, तिथे अमोनियाच्या किटवर पैसे घाल. आणि कुणी आफ्रिकन मागूरचं बीज स्वस्तात देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठव. त्यावर देशात बंदी आहे.

मुळा धरणाच्या फुगवट्यावर भोई मंडळींकडे मी एक परीक्षा शिकलो. कोपरापर्यंत हात पाण्यात सरळ सोडायचा आणि तळव्याकडे बघायचं. तळवा अजिबात दिसत नसेल तर शेवाळ जास्त, स्वच्छ दिसत असेल तर कमी, पुसट दिसला तर पाणी बेताचं. इटलीतल्या सेकी नावाच्या पाद्र्याने १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून हेच केलं आणि त्याचं नाव पुस्तकांत गेलं. भोयांचं गेलं नाही. गढूळपणाचा सेन्सर महाग आहे, चिखल आणि शेवाळ यांत तो फरकही करत नाही. हात करतो. सुप्याकडच्या पवनचक्क्याही बघत जा. ढगाळ दिवस, संध्याकाळी चक्क्या थांबलेल्या, हवा उकडलेली, अशा रात्री तळ्याचा ऑक्सिजन हमखास पडतो, कारण दिवसा ऊन नव्हतं आणि रात्री वारा नाही. हे सगळं वहीत लिही: ढग, वारा, खाद्य किती, पाणी किती काढलं. सेन्सरच्या आलेखाशेजारी ही वही नसेल तर वर्षभराने आलेखातले खड्डे कशाने पडले ते तुला सांगता येणार नाही.

एक गोष्ट विनंती म्हणून नाही, दटावून सांगतो. प्लॅस्टिकच्या शेततळ्यात पडलेला पोहणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही, पाय घसरतो. आपल्या भागात अशी माणसं गेली आहेत. सेन्सर धुवायला एकट्याने, रात्री, कधीही उतरायचं नाही. डबा दोरीवर बांध, दोरी बांधावरच्या कप्पीतून घे आणि धुवायला डबा काठाशी ओढून आण. चारी बाजूंना गाठी मारलेले दोर आत सोडलेले हवेत, एक हवेची ट्यूब खुंटीला टांगलेली. तारेचं कुंपण तर आहेच.

आता खरेदी. आंध्रात कोळंबीच्या तळ्यांत तरंगते सेन्सर बऱ्याच वर्षांपासून आहेत. विजयवाड्याच्या एरुवाका कंपनीने २०१२ च्या सुमारास तिथे ते काम सुरू केलं. तिथे ते परवडतं कारण कोळंबीचा भाव वेगळा आणि ती तळाशी राहते, काठावर उभं राहून तिची तब्येत कळत नाही. तुझं कटला-रोहूचं एक तळं. तुला तापमानासकट एक ऑप्टिकल डीओ प्रोब, बांधावरचा लोरा, दोन फोनवर वाजणारा गजर, अमोनियाचं किट आणि हातातला साधा सामू मीटर, एवढं लागतं. दुसरं तळं झालं की तळाचा प्रोब घे. विक्रेत्याला विचार की टोपी नगरला किती दिवसांत मिळते, आकडे त्याच्या कंपनीखेरीज तुलाही उतरवून घेता येतात का, आणि वर्षाची वर्गणी बंद केली तर यंत्र चालू राहतं का. तिसऱ्या प्रश्नाला तो घुटमळला तर दुसरं दुकान बघ. सात गोष्टी एकदम मोजणारा संच मात्र घेऊ नकोस. एका तळ्याच्या माशांत त्याचे पैसे निघत नाहीत.